मृतांची अखेरची सेवा : कोणी, काय आणि कसे करावे?



सात दैहिक दयाकृत्यांपैकी पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानातून आली आहेत. मृतांना पुरणे हे सातवे कृत्य ख्रिस्तसभेने तोबितच्या ग्रंथावरून जोडले. तोबित परमुलखात बंदिवासात होता. रस्त्यावर टाकलेली आपल्या लोकांची प्रेते तो रात्री पुरत असे आणि त्यापायी त्याने घरदार गमावले. पहिल्या सहा कृत्यांत समोरचा माणूस बोलू शकतो, कमी पडले तर मागू शकतो. सातव्यात तो काहीच बोलत नाही, आणि त्याच्या घरची माणसे बोलण्याच्या स्थितीत नसतात. म्हणून हे काम करणाऱ्यावर इतर कोणाहीपेक्षा जास्त विश्वास टाकलेला असतो.

आरंभीच्या ख्रिस्तसभेने हे ओळखले होते. रोमच्या भुयारी दफनभूमी खोदणाऱ्यांचा एक वेगळा वर्गच होता. इ.स. 303 मध्ये छळाच्या काळात उत्तर आफ्रिकेतील सिर्ता येथे सरकारी अधिकाऱ्यांनी चर्चची झडती घेतली. त्या कागदपत्रांत बिशप, धर्मगुरू आणि दीक्षितांबरोबर कबरी खोदणाऱ्यांचीही नोंद आहे. पुढे 1498 साली लिस्बन येथे ‘मिझेरिकॉर्डिया’ ही दयासंस्था स्थापन झाली आणि सोळाव्या शतकात ती गोव्यातही आली. बेवारस व गरीब मृतांचे दफन हे तिच्या नेमक्या कामांपैकी एक होते. कबर खोदणाऱ्याला आपण आज जी वागणूक देतो, ती या इतिहासाला शोभते का, हे ज्याने त्याने पाहावे.

मुंबईत अंडरटेकरला फोन केला की पेटी, गाडी, कागदपत्रे, फुले, वर्तमानपत्रातील मृतवार्ता असे सर्व तोच पाहतो. परदेशात तर हे परवाना लागणारे, शिक्षण घेऊन करायचे काम आहे. शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावी तशी व्यवस्था नसते. मग ही सगळी कामे धर्मग्रामाच्या माणसांवर येतात, आणि ती आधी वाटून घेतली नसतील तर ऐनवेळी दहाजण एकच काम करतात व बाकीची कामे राहून जातात.

पहिले काही तास महत्त्वाचे. मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत शरीर ताठ होऊ लागते, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर. त्याआधी डोळे मिटवावेत, हनुवटी कापडाने बांधावी, हातपाय सरळ करावेत. स्नान शक्यतो घरच्यांनी घालावे; स्त्रीला स्त्रियांनी, पुरुषाला पुरुषांनी, आणि दार लावून. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांना तेथे जागा नाही. अंगावरचे दागिने दोन नातेवाइकांसमोर काढून लिहून ठेवावेत. मृताचा अंगठा कोणत्याही कागदावर घेऊ देऊ नये, मागणारा सख्खा भाऊ असला तरी.

मात्र मृत्यू अपघाताने, विषाने, भाजून, गळफासाने, साप चावून किंवा संशयास्पद रीतीने झाला असेल, तर यातले काहीही करू नये. स्नानही घालू नये. पोलीस पाटील किंवा पोलीस ठाण्याला कळवावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार पंचनामा होतो आणि गरजेप्रमाणे शवविच्छेदन. ‘आधी माती देऊन टाकू, मग बघू’ असा सल्ला देणारे भले लोक प्रत्येक अंगणात असतात. त्यांचे ऐकल्यास पुरलेले प्रेत पुन्हा उकरण्याची वेळ घरच्यांवर येऊ शकते.

आता कागदपत्रे. हा भाग रुक्ष आहे, पण विधवेचे पुढचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची. घरी मृत्यू झाल्यास ती कुटुंबप्रमुखाने, रुग्णालयात झाल्यास रुग्णालयाने. दफनभूमी सांभाळणाऱ्यानेही निबंधकाला कळवावे, असे कायदा म्हणतो. म्हणजे आपली जबाबदारी कबरीवर माती लोटून संपत नाही. रुग्णालयात मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना 4 मध्ये मिळतो. घरी मृत्यू झाल्यास शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर तो नमुना 4 अ मध्ये देतात. 21 दिवस चुकले तर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

नावाची चूक सर्वांत जास्त त्रास देते. स्नानसंस्काराचे नाव एक, आधार कार्डावरचे दुसरे आणि पाड्यावर हाक मारायचे तिसरे, असे आपल्याकडे पुष्कळदा असते. सरकारी नोंदीत आधारप्रमाणे नाव द्यावे. चर्चच्या वहीत दोन्ही नावे लिहावीत. दारिद्र्यरेषेखालील घरातील 18 ते 59 वर्षांचा कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेतून 20,000 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो, आणि मृत्यूचा दाखला नसेल तर तो पुढे सरकत नाही.

कबरीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि खोदलेल्या खड्ड्याच्या बाजू ढासळतात. म्हणून पावसाळ्यात कबर आदल्या दिवशी खोदून ठेवू नये. त्याच दिवशी सकाळी खोदून वर ताडपत्री बांधावी आणि काठावर फळ्या टाकाव्यात, म्हणजे पेटी उतरवणाऱ्यांचे पाय घसरत नाहीत. खोदणारा खाली असताना काठावर गर्दी करू देऊ नये. खोदण्याआधी पेटीचे माप घ्यावे, आणि पेटी सांगण्याआधी मृताचे. पेटी कबरीत अडकून तिरकी झालेली पाहणे मुलांच्या मनातून जन्मभर जात नाही. नायलॉनचा दोर ओला झाला की निसटतो, त्यामुळे जाड सुती दोर वापरावा. माती वर्षभर खाली बसते, म्हणून उंचवटा चांगला ठेवावा आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा भर घालावी. पेटी महाग असणे हा काही भक्तीचा भाग नव्हे. वसईकडच्या काही धर्मग्रामांत पेटीविना, नुसत्या कापडात गुंडाळून दफन करतात. आपल्या प्रभूलाही अरिमथाईकर योसेफाने तागाच्या वस्त्रातच गुंडाळले होते.

पैशाच्या बाबतीत 1983 ची धर्मविधीसंहिता (कलम 1181) अगदी स्पष्ट आहे : अंत्यविधीत माणसामाणसांत भेद होऊ नये आणि गरिबाला योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवू नये. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पेटी, गाडी व खोदाईचा दर आधीच ठरवून चर्चच्या फलकावर लावावा. दुःखात बुडालेला माणूस भाव करीत नाही, आणि त्याचा फायदा घेणे ही चोरीच.

विधीबद्दल काही गैरसमज आहेत. आत्महत्या केलेल्याला चर्चमधून माती मिळत नाही, असे जुनी माणसे अजून सांगतात. 1917 च्या संहितेत तशी बंदी होती; 1983 च्या संहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांमध्ये (कलम 1184) आत्महत्या नाही. स्नानसंस्काराची तयारी करणारा दीक्षार्थी आधीच वारला, तर अंत्यविधीपुरता तो श्रद्धावंतांतच गणला जातो. आईवडील स्नानसंस्कार देणार होते असे बाळ त्याआधीच गेले, तर बिशपांच्या परवानगीने त्यालाही विधी मिळू शकतो. दहनाची मुभा 1963 पासून आहे; मात्र 2016 च्या रोमच्या सूचनेनुसार अस्थी विखुरू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात. मिस्सात प्रवचन असते, मृताचे गुणगान नव्हे. त्याच्याविषयी दोन शब्द बोलायचे असल्यास ते अखेरच्या निरोपाआधी, थोडक्यात. पवित्र गुरुवारी, पवित्र शुक्रवारी व शनिवारी, तसेच आगमनकाळ, उपवासकाळ व पुनरुत्थानकाळाच्या रविवारी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. तेव्हा वाचन, प्रार्थना आणि दफन होते. ‘फादरांनी मिस्सा नाकारली’ असे त्या दिवशी कोणी म्हणू नये.

दफनाची जागा असणे हेसुद्धा गृहीत धरता येत नाही. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने करोनाने मृत झालेल्या सर्वांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि लगेच बदलले. पुढे 22 मे 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दफन करू देण्याच्या बाजूने निर्णय दिला आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील हक्क मानला. छत्तीसगडमध्ये तर जानेवारी 2025 मध्ये एका पास्टरांचे शव सुमारे तीन आठवडे शवागारात राहिले, कारण गावात पुरू दिले जात नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. शेवटी 27 जानेवारीला वीस-पंचवीस किलोमीटरवरील ख्रिस्ती दफनभूमीत माती देण्याचा आदेश झाला. आपल्या दफनभूमीचा सातबारा किंवा नगर भूमापनाचा उतारा कोणाच्या नावे आहे, हद्दीचे दगड जागेवर आहेत का, हे कोणी गेले नसतानाच पाहून ठेवावे.

शेजारधर्माचे मात्र आपल्याकडे उणे नाही. चूल पेटत नाही त्या दिवशी पिठलं-भाकरी शेजारून येते, आणि मूठमाती द्यायला येणाऱ्यांत निम्मे लोक ख्रिस्ती नसतात. त्यांना कोठे उभे राहायचे, माती केव्हा टाकायची, हे सांगायला एक शांत माणूस नेमावा.

दफन झाल्यावर कलम 1182 प्रमाणे मृतांच्या वहीत नोंद करायची असते. लाकडी क्रूसावरचे रंगवलेले नाव दोन पावसाळ्यांत पुसते आणि 2 नोव्हेंबरला मेणबत्ती घेऊन आलेली मुलगी आईची कबर शोधत फिरते. म्हणून त्या वहीत दिनांक आणि दोन्ही नावांबरोबर कबरीची रांग व क्रमांकही त्याच दिवशी लिहावा.