पाण्याचा हिशेब आणि पाण्याचा वाटा

इयत्ता नववीच्या वर्गाला आम्ही दिवाळीच्या सुटीत एक अभ्यास देत आलो आहोत. प्रत्येक निवासी विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका विहिरीत दोरी सोडून पाण्याची खोली मोजावयाची आणि तीच नोंद उन्हाळी सुटीत पुन्हा करावयाची. वहीत चार रकाने असतात. तारीख, पाण्याची खोली, त्या विहिरीवर भिजणारे पीक आणि विहीर कोणाची. पहिले तीन रकाने गावागणिक निराळे भरून येतात. चौथ्या रकान्यात मात्र बहुसंख्य मुले एकच उत्तर लिहितात, 'आमची नाही'. एका विद्यार्थिनीने तर दुसरा रकाना कोरा ठेवून त्यात 'मोजू दिली नाही' एवढेच लिहून आणले होते.

इतिहास शिकविणाऱ्याने विहिरी कशाला मोजावयास लावाव्यात, असे आमचे विज्ञानाचे सहकारी थट्टेने विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे, की पाणी मोजणे हे विज्ञानाचे काम आहे. परंतु मोजलेले पाणी कोणाच्या पदरात पडते हा प्रश्न इतिहासाचा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शाश्वत शेती आणि जलव्यवस्थापन या क्षेत्रांतील संशोधनाने पाण्याचा हिशेब पूर्वी कधी नव्हता इतका अचूक केला आहे. त्या हिशेबाच्या वहीत आपला, म्हणजे अल्पभूधारकाचा आणि भूमिहीनाचा, रकाना आहे की नाही, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पाण्याच्या वैज्ञानिक नोंदीची मागणी आपल्याकडे प्रथम कोणी केली, हे अनेकांना ठाऊक नसते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला. त्यात त्यांनी सरकारला सुचविले होते, की पाणाड्यांकडून सर्व शेतांची पाहणी करवावी, जेथे दोन मोटांहून अधिक पाणी लागेल त्या जागा गावोगावच्या नकाशांवर नोंदवाव्यात आणि सरकारी मदतीवाचून विहिरी खणणाऱ्यांस बक्षिसे द्यावीत. पाणाड्याच्या विद्येवर आज आपण विश्वास ठेवणार नाही. परंतु भूजलाचा नकाशा गावाच्या दप्तरात असावा आणि तो शेतकऱ्याच्या कामी यावा, ही कल्पना आजच्या भूजल सर्वेक्षणाचीच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींविषयी जो निबंध लिहिला, त्याकडेही या दृष्टीने पुन्हा पाहावे लागते. शेत केवळ लहान आहे म्हणून ते तोट्याचे ठरत नाही. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे परस्परांशी प्रमाण जुळते की नाही यावर ते अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतीवर अडकून पडलेल्या अतिरिक्त श्रमाला उद्योगांकडे वाट काढून द्यावी, हा त्यांचा उपाय. दीड एकर कोरडवाहू आणि दीड एकर बागायत यांत सातबाऱ्यावर क्षेत्राचा फरक काहीच दिसत नाही, संसारात मात्र जमीन-अस्मानाचा असतो. पुढे जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय याच खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची कलकत्ता येथील परिषद ३ जानेवारी १९४५ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. त्याच वर्षी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे त्यांनी मांडलेला विचार आज विशेष महत्त्वाचा वाटतो. पुराच्या पाण्याला शत्रू मानून ते समुद्रात लोटण्याची घाई करू नये. लोकांचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावामुळे अधिक होतात. पाणी हे धन आहे, म्हणून ते साठवावे. चवदार तळ्याचा १९२७ चा संग्राम आपल्या मुलांना तोंडपाठ असतो. त्याच महापुरुषाने पुढे देशातील नद्यांच्या नियोजनाचा पाया घातला, हे पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत उरकले जाते.

आता आजच्या संशोधनाकडे वळू. २००२ मध्ये 'ग्रेस' नावाचे दोन जोड उपग्रह अवकाशात सोडण्यात आले. एकामागून एक फिरणाऱ्या या उपग्रहांमधील अंतर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांनुसार कमी-अधिक होते. जमिनीखालचे पाणी उपसले गेले, की तेथील वस्तुमान घटते आणि गुरुत्वाकर्षणही किंचित घटते. या मोजमापावरून २००९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. विहिरीत दोरी न सोडता आकाशातून पाणी मोजण्याची ही विद्या थक्क करणारी आहे. तिला मर्यादाही आहे. हे उपग्रह प्रांताएवढे विस्तृत क्षेत्र पाहतात. एखाद्या वस्तीची विहीर त्यांना दिसत नाही.

महाराष्ट्राची अडचण तर आणखी निराळी आहे. राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे. गंगेच्या गाळाच्या प्रदेशासारखा खोल साठा येथे नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जेवढे मुरेल तेवढेच पाणी. पावसाळ्यात विहीर भरते आणि दोन-चार महिन्यांच्या उपशाने तळ गाठते. म्हणूनच गावपातळीवरील पाण्याचा ताळेबंद हे आपल्यासाठी सर्वांत उपयुक्त साधन होय. २०१८ पासून मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील पाच हजारांहून अधिक गावांत राबविल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने अशा ताळेबंदाची संगणकीय पद्धत विकसित केली. पडलेला पाऊस, जमिनीचा उतार व पोत, उभी पिके यांवरून किती पाणी वाहून गेले, किती मुरले आणि पिकांना किती कमी पडणार, हे त्यातून काढता येते.

हे गणित अवघड नाही, आमची मुले फळ्यावर ते सोडवितात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी. एक हजार हेक्टरच्या गावात ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर आकाशाने गावाला ६० लाख घनमीटर पाणी दिले. आता खर्चाची बाजू पाहा. रब्बी ज्वारीला साधारण ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते, उसाला १५०० ते २५००. एक एकर उसाच्या पाण्यात तीन-चार एकर ज्वारी पिकते. राज्याच्या पीकक्षेत्रापैकी चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने नमूद केले आहे. हा आकडा फळ्यावर लिहिला, की वर्ग काही क्षण शांत होतो.

ठिबक सिंचनाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण त्याबाबत फार मोठा गैरसमज आहे. दोन वर्षांपूर्वी पालक मेळाव्याला आलेले एक पालक जेवणानंतर आमच्याजवळ बसले. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचे दीड एकर रान आहे. ते म्हणाले, "सर, वरच्या बागाइतदारानं ठिबक केलं तेव्हा आम्हाला बरं वाटलं. म्हटलं, पाणी वाचंल, आमच्या विहिरीलाबी राहील. पण आता आमची विहीर फेब्रुवारीतच तळ दावती. आधी एप्रिलपर्यंत पुरायची." त्यांना वाटत होते, की आपलेच काही चुकते आहे.

त्यांचे काही चुकत नव्हते. वरच्या शेतकऱ्याने पाटाने पाणी दिले, की त्यातील काही पीक पिते, काही वाफ होऊन उडते आणि उरलेले जमिनीत मुरून खालच्या विहिरीला मिळते. वरच्याच्या दृष्टीने ते 'वाया गेलेले' पाणी. खालच्याची विहीर त्याच पाझरावर जगते. ठिबकाने हा पाझर थांबतो. वाचलेले पाणी विहिरीत ठेवले असते, तर निदान गावाचा साठा टिकला असता. प्रत्यक्षात त्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग वाढते आणि गावाचा एकूण पाणीवापर उलट चढतो. क्वेंटिन ग्राफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नेमके हेच मांडले. सिंचनाची कार्यक्षमता वाढली म्हणजे पाण्याची बचत झाली, असे समीकरण नाही. उपशावर मर्यादा नसेल तर कार्यक्षमतेमुळे वापर वाढतो. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यांचीही हीच कथा आहे. पावसाचे वाहते पाणी अडविण्यासाठी योजलेली तळी बोअरच्या पाण्याने भरली जातात, तेव्हा जमिनीखालचे सामाईक पाणी एका मालकाच्या अंगणात येऊन बसते. आम्ही ठिबकाच्या विरोधात नाही. ज्याच्याकडे पाणीच थोडे आहे, त्याच्यासाठी ते वरदान आहे. विरोध आहे तो केवळ नळ्यांच्या भरवशावर न्याय होईल या समजुतीला.

त्या मानाने रुंद वरंबा सरीसारख्या पद्धतींचा गाजावाजा कमी होतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी ही पद्धत विकसित केली. पीक रुंद वरंब्यावर घ्यायचे, अधिकचे पाणी सरीने काढून द्यायचे आणि पावसाच्या खंडात त्याच सरीतील ओलावा कामी आणायचा. सोयाबीनला ती चांगली मानवते. विहीर नसलेल्या शेतकऱ्यालाही ती उपयोगी पडते, हा तिचा मोठा गुण.

वाट्याच्या प्रश्नाला थेट हात घालणारा प्रयोग पुरंदर तालुक्यातील नायगावचा. १९७२ च्या दुष्काळात अभियंता विलासराव साळुंखे तेथे गेले, देवस्थानाची ओसाड जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणलोटाचे काम उभे केले आणि त्यातून पाणी पंचायत जन्मास आली. तिचे नियम आम्ही दरवर्षी वर्गात वाचून दाखवितो. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरते. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीला जोडलेला नसेल, म्हणून जमीन विकली तरी पाणी विकले जाणार नाही. उसाला पाणी नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी भरायचा. आणि भूमिहीनालाही वाटा. तो आपला वाटा घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकतो. या नियमांत कोणतेही यंत्र नाही, तरी जलव्यवस्थापनातील ती मोठी नवनिर्मिती होती. तो सर्वत्र का पसरला नाही, याचे उत्तर त्याच्या शेवटच्या नियमात आहे असे आम्हाला वाटते.

येथे रोहिणी नदीची आठवण होणे स्वाभाविक आहे. शाक्य आणि कोलिय या दोघांचीही शेते तिच्या पाण्यावर पिकत. पाणी प्रथम कोणी घ्यावे, या तंट्यातून उद्भवलेल्या युद्धाला सिद्धार्थाने विरोध केला, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्याच्या परिव्रज्येचे कारण तेथेच दाखविले.

आता उगवत्या तंत्रज्ञानाकडे पाहू. जमिनीतील ओलावा सांगणारे संवेदक, फवारणीचे ड्रोन, उपग्रह छायाचित्रांवरून पिकाला सल्ला देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता ही साधने आता प्रयोगशाळेत राहिलेली नाहीत. राज्य शासनाने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्याच वर्षी कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. हा क्रमांक जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. ज्याचा सातबारा, त्याचा क्रमांक. मग जो बटाईने कसतो, त्याचे काय? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, लाखो लोक तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. तरीही गायरान कसणाऱ्या अनेक कुटुंबांच्या नावे आजही सातबारा नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी वहितीधारणा १.०८ हेक्टर होती, अनुसूचित जातींची ०.७८ हेक्टर. संगणकाला जे दप्तर दिले जाते, त्याच दप्तरातून तो शिकतो. जुन्या दप्तरात ज्यांची नोंद झाली नाही, ते नव्या यंत्रालाही दिसणार नाहीत.

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक काम सांगावेसे वाटते. त्यांच्यात अभियंते आहेत, कृषी सहायक आहेत, ग्रामपंचायत सदस्यही आहेत. अटल भूजल योजनेतील गावांत ग्रामपंचायतीने पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा होता. आपले गाव त्यात असेल तर तो ताळेबंद मागावा, नसेल तर स्वतः मांडावा. पावसाचा आकडा आणि पेऱ्याची यादी एवढ्यावर पहिला कच्चा हिशेब होतो. तो ग्रामसभेत वाचावा आणि वस्तीतील बायामाणसांना त्या दिवशी सभेला न्यावे. पाण्यासाठी मैल-दीड मैल चालणाऱ्या बाईइतका अचूक आकडा दुसऱ्या कोणाजवळ नसतो.

येत्या दिवाळीपासून नववीच्या वहीत आम्ही पाचवा रकाना वाढवीत आहोत. गावाचा पाण्याचा ताळेबंद कोणत्या तारखेस, कोठे आणि कोणासमोर वाचला गेला? ज्या गावांत आपले माजी विद्यार्थी आहेत, त्यांनी तेथून येणाऱ्या मुलास विहिरीपर्यंत सोबत करावी. दोरी, वही आणि पेन्सिल शाळा देईल. दोन्ही सुट्यांच्या नोंदी जूनमध्ये इतिहासाच्या वर्गातील भिंतीवरच्या नकाशावर लावल्या जातील.