वणव्याआधीचा नकाशा

एप्रिल-मे म्हणजे आपल्यासाठी सबमिशन, ओरल आणि पीएल! याच दिवसांत अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात वनरक्षक वणव्याच्या धास्तीने जागत असतात. सागाची पानगळ झालेली असते, खाली वाळक्या पाल्याचा थर असतो. एक ठिणगी पुरे! माणसं थोडी आणि जंगल अफाट. मग जाळरेषा आधी कुठे काढायच्या, गस्त कुठे वाढवायची? यासाठी लागतो धोक्याचा नकाशा. तो कसा बनतो ते पाहू.

आधी जंगलाचे ३० बाय ३० मीटरचे चौकोन पाडायचे. लँडसॅट उपग्रहाची चित्रं याच मापाची असतात. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि निअर इन्फ्रारेड परत पाठवतं. निअर इन्फ्रारेडमधून लाल वजा करून दोन्हींच्या बेरजेने भागलं की मिळतो 'एनडीव्हीआय'. जंगलात हा आकडा घसरला की समजायचं, हिरवाई वाळली. (उघडा खडकही कमी आकडा दाखवतो, म्हणून तो आधी वगळायचा.)

दुसरा थर चढाचा. चढावर ज्वाळा वरचा पाला आधीच तापवतात, म्हणून वणवा झपाट्याने वर जातो. तिसरा थर गाव, रस्ते आणि पायवाटा किती जवळ आहेत याचा.

प्रत्येक थराला १ ते ३ गुण द्या. समजा, चौकोन 'अ' दूरच्या कड्यावर आहे: सुकेपणा ३, चढ ३, जवळीक १. 'ब' गावालगतच्या मोहाखाली आहे: २, १, ३. फक्त सुकेपणाला ७० टक्के आणि चढाला ३० टक्के वजन दिलं, तर अ = ३ आणि ब = १.७. आता तिन्ही थरांना ३५, २० आणि ४५ टक्के वजन द्या. अ = २.१०, ब = २.२५. निकालच उलटला!

ही वजनं उदाहरणापुरती आहेत, पण मुद्दा खरा आहे. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला जाळला जातो, कुठे विडीचं थोटूक पडतं. उपग्रहाला पाला दिसतो, काडी पेटवणारा हात दिसत नाही. म्हणून गावकऱ्यांवर नुसता ठपका ठेवून भागत नाही. मोहाखाली जाळी अंथरली, तर पाला जाळावाच लागत नाही. अशा जाळ्या आधी कुठे द्यायच्या, हेही हाच नकाशा सांगेल.

शेवटची पायरी पडताळणीची, जी आपण प्रोजेक्टमध्ये हमखास गाळतो! भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून मोडिस संवेदकाच्या मदतीने वणव्यांची ठिकाणं टिपत आहे. असे जुने वणवे आपल्या लाल पट्ट्यांत पडतात का, ते बघा. मोडिसचा एक ठिपका साधारण १ किलोमीटरचा असतो, त्यामुळे तो एकाच चौकोनाशी जुळवू नका. वणवे हिरव्या भागात निघाले, तर नकाशा कितीही देखणा असो, वजनं चुकली!

बी.ई. प्रोजेक्टसाठी विषय शोधताय? लँडसॅटची चित्रं फुकट आहेत, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट. फक्त वजनं ठरवण्याआधी एकदा त्या जंगलात जाऊन वनरक्षकाशी आणि मोह वेचणाऱ्या बाईशी बोला. तो थर डाउनलोड होत नाही.