दैनंदिन ताण : ओळख आणि व्यवस्थापन

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागातील तक्रारी बहुधा ठरावीक असतात. डोके दुखते, मान अवघडते, पोटात जळजळ होते, छातीत धडधडते, रात्री झोप लागत नाही. तपासणीत विशेष काही आढळले नाही, की वेदनाशामक आणि आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन रुग्णाची बोळवण होते. महिन्याभराने तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन पुन्हा रांगेत उभा राहतो. अशा अनेकांच्या दुखण्यामागे ताण असतो. परंतु 'मला ताण आहे' असे सांगून कोणी केसपेपर काढत नाही. मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगण्याची रीत भारतीय समाजात रुजलेली आहे आणि ताण उशिरा ओळखला जाण्याचे ते एक मोठे कारण आहे.

खरे पाहता ही शारीरिक भाषा खोटी नसते. हॅन्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की थंडी, इजा, अतिश्रम अशा भिन्न आघातांना शरीर बऱ्याच अंशी एकसारखाच प्रतिसाद देते. धोका जाणवताच ॲड्रेनालिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळले जातात. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक साठवलेली ऊर्जा उपलब्ध करून देते. अंगावर बैल धावून आला तर ही व्यवस्था जीव वाचवते, परीक्षेच्या आदल्या दिवशी ती अभ्यासाला बसवते. अडचण येते ती धोका टळत नाही तेव्हा. कर्जाचा हप्ता, रुग्णशय्येवरील सासरे, रोजचा दोन तासांचा लोकल प्रवास, वरिष्ठांचा जाच यांपैकी कशापासूनही पळून जाता येत नाही. शरीर मात्र पळण्याच्याच तयारीत राहते. मान आखडते, पचन बिघडते, पहाटे तीनला जाग येते, रक्तदाब चढतो.

ताण ओळखण्याची सोपी खूण म्हणजे स्वतःच्या नेहमीच्या वागण्यातील बदल. एरवी शांत असलेली व्यक्ती मुलांवर खेकसू लागते, सरावाच्या हिशेबात चुका होतात, आवडीच्या कामात मन लागत नाही, चहाचे कप वाढतात. हे बदल घरच्यांच्या आधी लक्षात येतात. म्हणून 'तुझे हल्ली काहीतरी बिनसले आहे' हे वाक्य झटकून न टाकणेच शहाणपणाचे. तथापि छातीत दुखणे वा धाप लागणे यांस परस्पर ताणाचे नाव देऊ नये. वैद्यकीय तपासणी आधी व्हावी.

ताणावरचे सर्वाधिक प्रचलित 'औषध' तंबाखू हे आहे. विडी, गुटखा, मिश्री यांनी बरे वाटते हे खरे. पण निकोटिनची सवय जडल्यावर ते न मिळाल्याने येणारी बेचैनीच त्यामुळे तेवढ्यापुरती शमते. मद्याने झोप लवकर लागते, मात्र ती उत्तररात्री मोडते.

उपायांपैकी सर्वांत स्वस्त उपाय श्वासाचा. श्वास सावकाश घेऊन त्याहून अधिक वेळ लावून सोडल्यास हृदयगती मंदावते. दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटे एवढे पुरे. झोपेची आणि उठण्याची वेळ निश्चित ठेवणे व रोज अर्धा तास चालणे यांचाही उपयोग होतो. चिंता कागदावर उतरवून आपल्या हातातील आणि हाताबाहेरील अशी त्यांची विभागणी केली, म्हणजे पहिल्या भागासाठी लगेच पाऊल उचलता येते. थकलेल्या हप्त्यासाठी बँकेत जाऊन परतफेडीची मुदत वाढवून मागणे हेही ताणाचे व्यवस्थापनच होय. दोन माणसांचे काम एकावर लादून त्यालाच प्राणायामाचा सल्ला देणे ही मात्र निव्वळ पळवाट आहे. तेथे बदल कामाच्या वाटपात हवा.

ताण साधा राहिला नसेल तर? दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश वा जगणे नकोसे वाटणे असल्यास तज्ज्ञांची मदत घ्यावी. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असल्यास एक दिवसही थांबू नये. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून अस्तित्वात असला, तरी मनुष्यबळाची उणीव कायम आहे. बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार होता आणि त्यांपैकी बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. ही उणीव भरून काढण्याची एक दिशा गोव्यात दिसली. तेथे प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांना आरोग्य केंद्रांत नेमून अभ्यास करण्यात आला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार शासकीय केंद्रांतील नैराश्य व चिंतेचे रुग्ण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत अधिक प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र असा ठळक फरक आढळला नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र बोलता येते, मराठीतूनही. झोप न लागणे ही तेथेही नेहमी येणाऱ्या तक्रारींपैकी एक आहे.