दुरुस्तीचे केशरोपण : फळाची परीक्षा

पूर्वी केलेले केशरोपण ओबडधोबड दिसू लागले, म्हणजे ते सुधारण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ती सफल झाली की नाही, हे कसे ठरवावे?

प्रथम मूळ दोष पाहू. डोक्याच्या मागील बाजूचे केस टकलावर लावले तरी ते आपला मूळचा टिकाऊपणा सोडीत नाहीत, असे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली दाखवून दिले. त्यानंतर कित्येक वर्षे सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचे कातडीचे गोल तुकडे लावीत असत. एकेका तुकड्यात पुष्कळ केस असल्यामुळे कपाळावर बाहुलीच्या केसांसारखे झुबके दिसत. निसर्गतः केस एक ते चारांच्या गुच्छांनी उगवतात, व कपाळाच्या कडेला ते बहुधा एकेकटे असतात. म्हणून दुरुस्तीच्या वेळी झुबके कोरून काढतात, त्यांतील केस सुटे करून पुन्हा लावतात आणि पुढील कडेला एकेरी केस बसवितात.

भाताची लावणी झाल्यावर शेतकरी दुसऱ्याच दिवशी पिकाचा हिशेब करीत नाही. येथेही तेच. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुधा गळून पडतात; मुळे मात्र कातडीत जिवंत असतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस डोकावू लागतात. निर्णय निदान एक वर्षाने करावा. व्रण झालेल्या कातडीत याहून अधिक काळ लागू शकतो.

परीक्षेसाठी आधीचे व नंतरचे छायाचित्र एकाच प्रकाशात, एकाच कोनातून व केसांची लांबी सारखी ठेवून घ्यावे. ओले केस विरळ दिसतात, कोरडे दाट. या फरकाने पाहणारा सहज फसतो. म्हणून एक चौरस सेंटिमीटर जागा आखून तीतील केस मोजणे अधिक विश्वसनीय होय. केसांची दिशा आणि राहिलेले व्रणही तपासावेत.

एक गोष्ट मात्र विसरू नये. शेतकरी नवे बी पेरू शकतो. केशरोपणात नवा केस निर्माण होत नाही, केवळ त्याची जागा बदलते. म्हणून केस जेथून घेतले, तो मागील भागही पाहिला पाहिजे. पुढे शोभा आली आणि मागे भकासपणा आला, तर त्यास यश म्हणता येणार नाही. ही मर्यादित ठेव पहिल्याच वेळी उधळली गेली, तर पुढे कुशल शल्यविशारदाचाही हात आखडतो. यास्तव खरी दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेतील संयमातच असते.