यात्रा, उपवास आणि पोटाचे आरोग्य

यात्रेस निघालेल्या भाविकांचा नित्याचा दिनक्रम बदलतो. रात्रीचा प्रवास, दर्शनरांगेतील दीर्घ प्रतीक्षा, अवेळी भोजन व अपुरी निद्रा यांचा परिणाम प्रथम पोटावर होतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोटफुगी व बद्धकोष्ठ या प्रौढांच्या सर्वसामान्य तक्रारी होत. कारणे जाणून घेतल्यास त्यांपैकी बहुतेक टाळता येतात.

जळजळ का होते?

अन्नपचनासाठी जठरात तीव्र आम्ल स्रवते. अन्ननलिका जठरास मिळते तेथील स्नायूंचे कडे झडपेचे कार्य करते. पोट तुडुंब भरल्यास अथवा जेवताच आडवे झाल्यास आम्ल या झडपेतून वर येऊन जळजळ होते. यास्तव निजण्यापूर्वी दोन-तीन तास आधी हलके भोजन करावे, तिखट व तळलेले पदार्थ टाळावेत आणि डाव्या कुशीवर निजावे. तंबाखू व मद्य वर्ज्य करावे.

उपवास कसा करावा?

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असून त्यात चोथा नगण्य असतो. त्यात शेंगदाणे, तूप व तळलेले वेफर्स यांची भर पडली की पोट जड होते. पाणी कमी प्याल्यास बद्धकोष्ठही जडते. त्याऐवजी राजगिरा, रताळे, केळी, पपई व ताजे ताक थोड्या थोड्या प्रमाणात घ्यावे. रिकाम्या पोटी वारंवार चहा घेऊ नये. भगर ताजी व स्वच्छ असावी. जुन्या, ओलसर भगरीत वा तिच्या पिठात बुरशी वाढून विषबाधा होऊ शकते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना उपवास करू नये.

औषधांविषयी सावधगिरी

पायऱ्या चढून गुडघे दुखू लागले की अनेकजण उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेतात. अशा काही गोळ्यांमुळे जठराचे अस्तर दुखावून व्रण होऊ शकतो. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९८२ मध्ये जठरव्रणामागे एक जिवाणूही असतो हे शोधले व त्यांस २००५ चे नोबेल पारितोषिक लाभले. म्हणून वारंवार होणाऱ्या पोटदुखीवर केवळ पित्तशामक गोळ्या घेत न राहता तपासणी करून घ्यावी. जुलाब झाल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (लहान चमच्याने) घालून ते घोट घोट प्यावे.

हे पित्त नव्हे!

छातीत दडपण, दरदरून घाम, धाप लागणे, वेदना हात, जबडा वा पाठीकडे पसरणे ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांना कधी केवळ मळमळ वा अपचनासारखी अस्वस्थताच जाणवते. ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून, अथवा तासन्‌तास उभे राहून मिळालेली रांगेतील जागा जाईल या संकोचाने, त्रास लपवू नये. तत्काळ जवळच्या सेवकास सांगावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा वा अकारण वजन घटणे यांकडेही दुर्लक्ष करू नये.

रांग सोडावी लागली तरी दर्शन पुन्हा घडते. उपचारास झालेला विलंब मात्र भरून निघत नाही, हे भाविकांनी ध्यानी ठेवावे.