शेततळ्यातील शेवाळ व त्याचे नियंत्रण

पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून ते उन्हाळ्यात फळबागेस देण्याची पद्धत महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागांत आता चांगलीच रूढ झाली आहे. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर तिला अधिक चालना मिळाली. परंतु माघ-फाल्गुनापासून ऊन तापू लागले की अनेक तळ्यांचे पाणी हिरवे होते, कडेला शेवाळाच्या गुंतवळी तरंगू लागतात आणि ठिबक संचाच्या तोट्या बुजतात. ज्या वेळी झाडास पाण्याची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी पाणी असूनही ते मुळांपर्यंत पोहोचत नाही. यासाठी शेवाळाचे कारण व उपाय शेतकऱ्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शेवाळ का वाढते?

शेवाळ ही वनस्पतीच होय. तिला ऊन, ऊब व अन्नद्रव्ये लागतात. शेणखताच्या ढिगावरून अथवा खत दिलेल्या शेतातून वाहून आलेल्या पाण्याबरोबर नत्र व स्फुरद तळ्यात उतरतात. उन्हाळ्यात पाणी आटते, तसे हे अन्न अधिक दाट होते.

दिवसा शेवाळ पाण्यातील कर्बवायू शोषून घेते. त्यामुळे पाण्याचा सामू चढत जाऊन दुपारी ९ च्याही वर जाऊ शकतो. रात्री हीच क्रिया उलट होते. शेवाळ प्राणवायू घेते, कर्बवायू सोडते आणि सामू उतरतो. दाट शेवाळाच्या तळ्यातील मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात, ते प्राणवायू कमी पडल्यामुळे.

पाण्याची परीक्षा

औषध टाकण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. जिल्ह्याच्या मृद व पाणी परीक्षण प्रयोगशाळेच्या अहवालात कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे मान सामान्यतः दर लिटरला मिलिइक्विव्हॅलंटमध्ये दिलेले असते. या दोहोंच्या बेरजेस ५० ने गुणावे, म्हणजे पाण्याची एकूण विम्लता दर लिटरला मिलिग्रॅममध्ये मिळते. उदाहरणार्थ, बेरीज ३ असल्यास विम्लता १५० होय.

मोरचुदाचा वापर

मोरचूद शेवाळास मारते, परंतु किती मोरचूद लागेल हे विम्लतेवर अवलंबून असते. बोर्डो मिश्रण करताना मोरचुदाच्या द्रावणात चुना मिसळला की तांबे निळ्या साक्याच्या रूपाने वेगळे होते, हे द्राक्ष बागायतदारांच्या परिचयाचे आहे. विम्लता अधिक असलेल्या तळ्यातही तांबे असेच बद्ध होते व औषध वाया जाते. उलट, विम्लता ५० पेक्षा कमी असेल तर मोकळे राहिलेले तांबे माशांस घातक ठरते. अशा पाण्यात मोरचूद वापरूच नये.

सर्वसाधारण नियम असा आहे की, विम्लतेस १०० ने भागून येणाऱ्या आकड्याइतके ग्रॅम मोरचूद दर घनमीटर पाण्यास लागते. मात्र हे प्रमाण अडीच ग्रॅमच्या वर नेऊ नये.

तळ्यातील पाणी पुढीलप्रमाणे मोजावे. पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्र, तळाचे क्षेत्र आणि मधल्या पातळीच्या क्षेत्राची चौपट यांची बेरीज करावी. तिला ६ ने भागून पाण्याच्या खोलीने गुणावे. पृष्ठभाग ३० × ३० मीटर, तळ २४ × २४ मीटर व खोली ३ मीटर असल्यास मधली पातळी २७ × २७ मीटर येते. ९००, ५७६ व २,९१६ यांची बेरीज ४,३९२. तिला ६ ने भागून ३ ने गुणल्यास २,१९६ घनमीटर पाणी होते. विम्लता १५० असल्यास दीड ग्रॅमप्रमाणे सुमारे ३.३ किलो मोरचूद लागेल.

सर्व तळ्यास एकदम औषध देऊ नये. मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू संपवते. म्हणून प्रथम अर्ध्या भागात औषध द्यावे व १० ते १४ दिवसांनी उरलेल्या भागात द्यावे. तरंगणाऱ्या गुंतवळी आधी बांबूच्या दाताळ्याने ओढून काढाव्यात. लोखंडी दाताळ्याने अस्तराचा कागद फाटतो. निघालेले शेवाळ कंपोस्ट खड्ड्यात टाकावे. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवावे, लोखंडी वा जस्ती भांडे वापरू नये. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी द्रावण सर्वत्र सारखे शिंपडावे. तळ्यात मासे असल्यास मत्स्य विभागाचा सल्ला घेतल्याशिवाय मोरचूद टाकू नये.

ब्लीचिंग पावडर कोठे वापरावी?

पोहण्याच्या तलावात सामू ७.२ ते ७.८ ठेवून क्लोरिनने पाणी स्वच्छ राखतात. ते पाणी सतत गाळले जात असल्याने तेथे ही रीत साधते. उघड्या शेततळ्यात मात्र ऊन व सेंद्रिय पदार्थ क्लोरिन लवकर संपवतात. म्हणून ब्लीचिंग पावडर तळ्यात न टाकता ठिबकच्या नळ्या धुण्यासाठी वापरावी. चढ्या सामूत क्लोरिनचा जोर मंदावतो, यास्तव हे काम सकाळी करावे. दर लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरिन हवा असल्यास १०,००० लिटर पाण्यास ३३ टक्के क्लोरिनची ताजी पावडर सुमारे ३०० ग्रॅम लागते. ती भिजवून वरची निवळीच संचात सोडावी. चुन्याचा साका तोट्या बुजवतो. नंतर नळ्यांची टोके उघडून त्या धुवाव्यात. ब्लीचिंग पावडर आम्लाशी वा खताशी कदापि मिसळू नये. आम्लाशी संयोग होताच विषारी वायू निघतो.

जनावरांची काळजी

पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी साय दिसल्यास ते पाणी जनावरांस पाजू नये. अशा शेवाळाच्या काही जाती विषारी असून त्यामुळे गुरे दगावतात. औषधाने ते मेल्यावर विष पाण्यात उतरते; म्हणून त्यानंतरही निदान दोन आठवडे गुरे तळ्यापासून दूर ठेवावीत. मेंढ्यांस तांब्याची बाधा विशेष होते.

प्रतिबंध

मोरचूद शेवाळ मारते, पण त्याचे अन्न तळ्यातच राहते. मेलेले शेवाळ कुजून नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळतात आणि तांबे मात्र तळाच्या गाळात साठत जाते. यासाठी तळ्याच्या वरच्या अंगास गवताचा पट्टा राखावा, खताचा ढीग प्रवाहापासून दूर ठेवावा, दरवर्षी तळे आटल्यावर गाळ काढावा आणि शक्य तेथे पाण्यावर सावली करावी. ठिबक संचास जाळीच्या गाळणीपूर्वी वाळूची गाळणी जोडून ती नियमाने उलट प्रवाहाने धुवावी. पावसाळ्यापूर्वी एवढी व्यवस्था करणाऱ्या शेतकऱ्यास उन्हाळ्यात औषधाची गरज क्वचितच भासेल.