मांसाद लघुप्राणी आणि उपवास

लंघनाचा विषय निघाला की रुग्णापुढे एक दृष्टांत हमखास ठेवला जातो : आजारी जनावर आपोआप अन्न वर्ज्य करते, मग मनुष्याने का करू नये? दृष्टांत आकर्षक आहे. परंतु ‘जनावर’ म्हणजे नेमके कोणते, हे त्यात विचारलेच जात नाही. केवळ मांसावर जगणाऱ्या लहान सस्तन प्राण्यांची स्थिती पाहिली, तर हा दृष्टांत जपून वापरावा असे आमचे मत होते.

युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिकेत आढळणारा वीझल हा मुंगुसाहून पुष्कळ लहान प्राणी. त्याच्या सर्वांत लहान जातीचे वजन अनेकदा १०० ग्रॅमही भरत नाही. उंदराच्या बिळात शिरण्यास सोयीचे असे त्याचे शरीर लांबट व सडपातळ असते. पण त्याच कारणाने त्यातील उष्णता झपाट्याने बाहेर पडते. थंडीत त्याचा ऊर्जाव्यय तेवढ्याच वजनाच्या आटोपशीर बांध्याच्या प्राण्याहून ५० ते १०० टक्के अधिक असतो, असे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अंगावर मेद साठवण्यास जागा नाही. म्हणून मारलेले जादा उंदीर तो बिळात साठवून ठेवतो. मेदधातूचे कार्य जणू कोठार करते!

मिंक हा याच कुळातील, पाण्याकाठी राहणारा प्राणी. मूळचा उत्तर अमेरिकेचा. कातड्याच्या व्यापारासाठी तो फिनलंडसारख्या देशांत पाळला गेला. त्याला ७ दिवसांपर्यंत उपाशी ठेवून केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. उदरातील मेद वेगाने वितळून यकृताकडे वाहत गेला आणि काही दिवसांतच यकृतात मेदसंचय झाला. पुन्हा २८ दिवस आहार दिल्यावर यकृत पूर्ववत होऊ लागले. वर्तनाचे म्हणाल तर, मोजका आहार मिळणारे पिंजऱ्यातील मिंक स्वस्थ पडून राहत नाहीत. अन्नाच्या वेळेआधी ते सारखे येरझाऱ्या घालतात. याला विश्रांती म्हणता येणार नाही.

असे का व्हावे? मनुष्याच्या शरीरात आहारातील प्रथिने घटली की प्रथिने जाळणारी यकृतातील यंत्रणाही मंदावते. मांजरात ती फारशी मंदावत नाही, हे १९७७ साली दाखविले गेले. मांसावर जगणाऱ्या प्राण्याला प्रथिनांची काटकसर करण्याची सवयच नसते.

याच्या उलट उदाहरण रॅकून डॉगचे. तोही मांसाहारी प्राण्यांच्या वर्गातलाच, परंतु फळे, कीटक, बेडूक असे मिळेल ते खाणारा. शरद ऋतूत तो अंगावर भरपूर मेद चढवितो आणि उत्तरेकडील हिवाळ्यात कित्येक आठवडे निद्रिस्त व जवळजवळ निराहार राहतो. त्याचा उपवास पूर्वतयारीचा असतो. मिंकवर तो लादलेला होता.

यात शास्त्रविरोधी काही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत आणि उपवास हा त्यांपैकी केवळ एक. त्याच अध्यायात क्षीणासाठी बृंहणही सांगितले आहे.

आता व्यवहाराचा मुद्दा. शहरांतून मांजर पाळणारे वाढले आहेत आणि ‘मांजर जेवत नाही, पोट बिघडले असेल, एखादे पाचक द्या’ अशी मागणी औषधी दुकानांतही होते. अशा वेळी लंघनाचा सल्ला मुळीच देऊ नये. विशेषतः स्थूल मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात मिंकप्रमाणेच मेद साठतो, कावीळ होते व ते दगावू शकते. यावर मुख्य उपचार अन्न हाच असून ते पुष्कळदा नळीने द्यावे लागते. मांजराने एक दिवसाहून अधिक काळ काही खाल्ले नसेल, तर त्याला चूर्ण वा काढा न देता पशुवैद्यांकडे पाठवावे आणि शेवटचे अन्न केव्हा घेतले याची वेळ मालकास लिहून न्यावयास सांगावी.